बी.टेक. (रिन्यूएबल एनर्जी) घ्यावं की सरळ इलेक्ट्रिकल? लेक हट्टाला पेटलीय

कोयनाकाठची
नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसती वाचत होते, पहिल्यांदाच धागा काढतेय. चूकभूल पदरात घ्या.

आम्ही पाटण तालुक्यातले. गच्चीवरून वनकुसवड्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या दिसतात. आज किती फिरतायत आणि किती बंद, हे मोजण्यात लेकीचं अर्धं लहानपण गेलं. गेल्या वर्षी तिच्या मामाच्या शेतात सौर पंप बसला, तर ही दोन दिवस त्या बसवणाऱ्या पोरांच्या मागे उन्हात उभी. रात्री जेवताना मामालाच समजावत होती की पॅनेलवर एका कोपऱ्यात सावली पडली तरी पाणी का कमी येतं.

यंदा बारावी झाली. सीईटीला ८९ पर्सेंटाइल (पीसीएम). कराडला शैक्षणिक मेळाव्यात एका खासगी विद्यापीठाचे गृहस्थ भेटले. त्यांच्याकडे "बी.टेक. रिन्यूएबल एनर्जी" आहे. फी वर्षाला दोन लाखांच्या वर, आणि शनिवारपर्यंत पंचवीस हजार भरून सीट "ब्लॉक" करा म्हणतात. माहितीपत्रकावर हेल्मेट घातलेली, खळखळून हसणारी मुलगी आहे. आमची त्या फोटोवरच भाळलीय असं ह्यांचं म्हणणं. ह्यांना कॉम्प्युटर हवंय. मला काय हवंय ते मलाच कळत नाही.

ही वेगळी पदवी घ्यावी का? की दुसऱ्या वाटेनेही या क्षेत्रात जाता येतं?

भारनियमनवाले_काका
ताई, शनिवारी एक रुपयाही भरू नका. आधी एवढं बोलतो, मग बाकीचं.

मी आयुष्यभर विजेच्या खात्यात होतो. आधी मंडळ म्हणायचे, २००५ साली त्याच्या कंपन्या झाल्या. आता निवृत्त आहे, हातात वेळ आहे, म्हणून लांबण लावतो.

महावितरणची पदवीधर अभियंत्यांची जाहिरात काढून वाचा. विद्युत अभियांत्रिकीची पदवी मागतात. "रिन्यूएबल एनर्जी" असं लिहिलेली पदवी घेऊन मुलगी गेली, तर ती समकक्ष आहे हे सिद्ध करत तिनेच फिरायचं. तीच गत परवान्यांची. सौर यंत्रणा छतावर बसवली तरी ती जोडायला परवानाधारक विद्युत ठेकेदार लागतो, आणि पर्यवेक्षकाचा परवाना विद्युत निरीक्षकाकडून मिळतो. पॅनेल सूर्याचं असलं तरी सही इलेक्ट्रिकलवाल्याचीच लागते.

दुसरी गोष्ट थोडी खोलातली आहे. लोकांना वाटतं या क्षेत्रातलं काम म्हणजे पॅनेल बसवणं. खरी डोकेदुखी ग्रिडची, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या जाळ्याची आहे. ऐरोलीला राज्याचं भार प्रेषण केंद्र आहे, तिथे बसून बघितलं की कळतं. संध्याकाळी सौर वीज बघता बघता उतरते, आणि नेमके तेव्हाच घराघरांत दिवे, मिक्सर, टीव्ही लागतात. वारंवारता ५० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे ४९.९० ते ५०.०५च्या पट्ट्यात ठेवायची. त्यासाठी कोणीतरी, कुठेतरी तितकीच वीज तयार ठेवावी लागते. औष्णिक संच काही बटण दाबल्यासारखा वर-खाली होत नाही. मग जलविद्युत, बॅटरी आणि घाटघरसारखे उदंचन प्रकल्प. घाटघर २५० मेगावॉटचा आहे. वीज मुबलक असते तेव्हा पाणी वर चढवायचं, टंचाईच्या वेळी खाली सोडायचं. हे सगळं कळायला पॉवर सिस्टिम्स, प्रोटेक्शन, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स लागतं. आणि ते शिकायला इलेक्ट्रिकल.

बटाटावडा_वॅट
काकांना अनुमोदन. वाचनखूण साठवली. माझा मुलगा अजून सहावीत आहे पण असो.

मेगरवाली
मी सोलापूरकडे एका सौर प्रकल्पावर ओ अँड एम बघते. ओ अँड एम म्हणजे प्रकल्प उभा राहिल्यावरची पंचवीस वर्षांची धुणीभांडी. साधं इलेक्ट्रिकल केलंय, तेही आधी डिप्लोमा आणि मग थेट दुसऱ्या वर्षाला.

एक किस्सा सांगते, म्हणजे काम काय असतं ते कळेल. गेल्या हिवाळ्यात आमचा एक इन्व्हर्टर रोज सकाळी सातला रुसायचा. चालूच व्हायचा नाही. दहा वाजले की आपोआप सुरू, जणू काही झालंच नाही. वरिष्ठ म्हणाले सॉफ्टवेअर बघा. कंपनीचा माणूस येऊन सॉफ्टवेअर बदलून गेला, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मी पहाटे साडेसहालाच मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) घेऊन गेले आणि एकेक स्ट्रिंग, म्हणजे पॅनेलांची जोडलेली माळ, सोडवून तपासत बसले. चौदाव्या स्ट्रिंगला आकडा धाडकन खाली. त्या ओळीत चालत गेले, तर एका कनेक्टरचं क्रिंपिंग नीट नव्हतं, केबल बांधायची पट्टी तुटली होती आणि तो कनेक्टर गवतात लोळत होता. रात्री दव पडलं की तिथून करंट जमिनीत गळायचा, इन्व्हर्टर ते ओळखून स्वतःला बंद ठेवायचा. ऊन वाढलं, दव सुकलं की गाडी रुळावर.

मेगर कसा धरायचा हे मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी शिकले. "शाश्वत विकासाची उद्दिष्टे" या विषयात नाही.

म्हणून ताई, त्या विद्यापीठाचं नाव-गाव सोडा, चार वर्षांचा अभ्यासक्रम मागवा. त्यात मशीन्स, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स, कंट्रोल, पॉवर सिस्टिम्स हे चार विषय पुरत्या तासांनी आणि प्रॅक्टिकलसकट आहेत का ते बघा. नसतील आणि त्यांच्या जागी "इंट्रोडक्शन टू" अशी आठ नावं असतील, तर नमस्कार करून उठा.

अजून एक, मुलीची आई म्हणून तुम्हाला सांगायला हवं. साइटवर बायकांसाठी धड स्वच्छतागृह नसणं हे आजही होतं. माझ्या पहिल्या नोकरीत मी दिवसभर पाणी कमी प्यायचे आणि मग दवाखान्याची पायरी चढले. भांडून सोय करून घेतली. मुलीला घाबरवू नका, पण मुलाखतीत हा प्रश्न बिनदिक्कत विचारायला शिकवा.

थर्मोचा_मार
इथे सगळे इलेक्ट्रिकलचा झेंडा घेऊन निघालेत म्हणून विरुद्ध बाजूने बोलतो.

मी ऊर्जा अभियांत्रिकीच शिकलोय आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. मुंबई आयआयटीत ऊर्जेचा स्वतंत्र विभाग आहे आणि तिथे या विषयात बी.टेक. करता येतं. दिल्ली आयआयटीनेही २०२१पासून ऊर्जा अभियांत्रिकीचं बी.टेक. सुरू केलं. तिथली मुलं काही रस्त्यावर नाहीत. इलेक्ट्रिकलवाला ट्रान्सफॉर्मरपाशी थांबतो, मेकॅनिकलवाला बॉयलरपाशी. आम्हाला दोन्हीचं थोडंथोडं आणि वर अर्थकारण शिकवलं. एका युनिटचा खर्च कसा काढायचा, कर्जाचा दर अर्धा टक्का वाढला तर प्रकल्प बसतो की बुडतो, बोली कितीची लावायची, हे सगळं. मी आज तेच करतो. पॅनेलला महिनोन् महिने हात लावत नाही, एक्सेल आणि पीव्हीसिस्ट या सौर प्रकल्पांच्या सॉफ्टवेअरमध्ये डोकं घालून बसलेला असतो.

पदवीच्या नावात खोट नाही. कोण शिकवतंय आणि कशावर शिकवतंय, त्यात फरक पडतो. मुंबई आयआयटीत २०१०पासून फोटोव्होल्टाइकचं (उन्हापासून थेट वीज) राष्ट्रीय केंद्र आहे, तिथे सौर सेल बनतो ते डोळ्यांनी दिसतं. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात तर फोटोव्होल्टाइकची स्वतंत्र पदवी आहे आणि तिला जगात मान आहे.

मेगरवाली
@थर्मोचा_मार, पण ताईंच्या मुलीला आयआयटी मिळालेली नाही. ८९ पर्सेंटाइलला जे समोर आहे त्यावर बोलू या ना.

थर्मोचा_मार
मान्य. मग मीही म्हणेन, आत्ता इलेक्ट्रिकल (किंवा मेकॅनिकल, तिला आवडत असेल तर), आणि नंतर गेट देऊन ऊर्जेत एम.टेक. मुंबई आयआयटीत आहे, त्रिचीच्या एनआयटीत आहे, भोपाळच्या मॅनिटमध्ये तर नवीकरणीय ऊर्जेतच एम.टेक. आहे. दिल्लीचं टेरी विद्यापीठही बघा. तिथे अभियांत्रिकीसोबत व्यवस्थापनही शिकवतात.

सेतूवाला
माझं सेवा केंद्र आहे. जून ते ऑगस्ट दुसरा धंदाच नाही, ऑप्शन फॉर्म भरून भरून बोटं झिजलीत. पैशाचं कोणी बोललं नाही म्हणून मी बोलतो.

२०२४-२५ पासून राज्य सरकारने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केलीय. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत पाहिजे. मात्र प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून झालेला पाहिजे, आणि खासगी अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांना ही योजना लागू नाही. तुमचे ते मेळाव्यातले गृहस्थ हे सांगणार नाहीत. म्हणजे एकीकडे चार वर्षांत आठ-नऊ लाख, दुसरीकडे शिक्षण फी शून्य. वसतिगृहाचा खर्च दोन्हीकडे आहेच.

उत्पन्नाचा दाखला, आणि जे लागू असेल ते प्रमाणपत्र आत्ताच काढायला टाका. दर वर्षी कागदासाठी रडणारे पालक बघतो. आणि फॉर्ममध्ये पहिला पर्याय विचार करून टाका. तो मिळाला की सीट आपोआप फ्रीझ होते, मग पुढच्या फेरीत "अजून बघू" चालत नाही.

चिपाडवाला
कोल्हापूरकडून राम राम. सगळे सूर्यावर आणि वाऱ्यावर. उसाच्या चिपाडाला कोण विचारतंय?

अहो, बगॅसवरची वीजही नवीकरणीयच धरतात. आपल्याकडच्या कितीतरी साखर कारखान्यांत सहवीजनिर्मिती चालते. रस काढून उरलेलं चिपाड बॉयलरला, त्याच्या वाफेवर टर्बाइन, तीच वाफ पुढे रस आटवायला, आणि उरलेली वीज ग्रिडला. वर इथेनॉल. ऊस इथला, कारखाना इथला, घरून डबा नेता येतो. यासाठी मेकॅनिकल किंवा केमिकल चांगलं, पुढे बॉयलर ऑपरेशन इंजिनीअरची परीक्षा दिली तर सोन्याहून पिवळं. शिकण्यासारखंही भरपूर आहे: चिपाड ओलं आलं की बॉयलरचा दाब कसा नाचतो ते एकदा रात्रपाळीला येऊन बघा.

तोटा एकच. हंगामात मरणाची धावपळ आणि पावसाळ्यात ओव्हरहॉल. आमच्याकडे लग्नं कारखान्याचा पट्टा पडल्यावरच, म्हणजे गाळप संपल्यावरच होतात.

दापोलीची_मिरची
एक वाट राहिली. कृषी अभियांत्रिकी!

दापोली, राहुरी, अकोला, परभणी या चारही ठिकाणी कृषी विद्यापीठांची कृषी अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत. बी.टेक.मध्ये ऊर्जेचा स्वतंत्र विभाग असतो. बायोगॅस, गॅसिफायर, सौर वाळवण यंत्र, सौर पंप असं शेताच्या बांधावरचं सगळं. आम्ही तिसऱ्या वर्षी कोकमाची सालं सौर वाळवणीत टाकून दर तासाला वजन करत बसायचो. भर दुपारी, घाम गाळत, आणि मध्येच ढग आला की सगळ्या आकड्यांचा विचका. पण ओलावा नेमका कसा जातो ते जन्मात विसरणार नाही. पुढे एम.टेक. ऊर्जेतच करता येतं. प्रवेश सीईटीच्या पीसीएम गुणांवरच, फक्त अर्ज कृषी अभ्यासक्रमांच्या प्रक्रियेत वेगळा भरावा लागतो. बऱ्याच जणांचं तिथेच चुकतं, इंजिनीअरिंगचा एकच फॉर्म भरून गप्प बसतात.

ताईंची मुलगी मामाच्या पंपापाशी दोन दिवस उभी राहिली म्हणता, तर हे तिला आवडू शकेल. मात्र महावितरणच्या बाबतीत काकांनी सांगितलेली अडचण इथेही लागू आहे, हे खोटं कशाला बोलू.

छपरावरचा_बाळ्या
मी लातूरला छतावर सोलर बसवतो. इंजिनीअर नाही. आयटीआय वायरमन, आणि वर सूर्यमित्र.

सूर्यमित्र २०१५ला सुरू झालं. तीन महिन्यांचं, ६०० तासांचं प्रशिक्षण, मी केलं तेव्हा राहणं-जेवणं फुकट होतं. आयटीआयला आता सोलर टेक्निशियनचा एक वर्षाचा ट्रेडही आहे. पीएम सूर्यघर योजना २०२४ला आल्यापासून उसंत नाही. तीन किलोवॉटला ७८ हजार अनुदान, म्हणून गल्लीगल्लीत लोक विचारतायत.

माझी तक्रार इंजिनीअर पोरांबद्दल आहे. दोघांना ठेवून बघितलं. लॅपटॉपवर छान थ्रीडी छत काढतात, पण गिऱ्हाईकाचं लाइट बिल हातात दिलं तर स्थिर आकार कुठला आणि युनिटचा दर कुठला ते सांगता येत नाही. गिऱ्हाईक विचारतं, "किती वाचतील?" हे म्हणतात, "डिपेंड्स." आपल्याकडे एक किलोवॉटला दिवसाला साधारण चार युनिट धरायचे, बिलाशी ताडून सांगायचं. एवढं साधं गणित.

ताई, मुलगी काहीही शिको, सुट्टीत महिनाभर एखाद्या बसवणाऱ्याबरोबर हिंडू द्या. सुरक्षा पट्टा बांधूनच छतावर चढायचं, ही एकच अट.

भारनियमनवाले_काका
बाळासाहेब, बिल वाचता न येणाऱ्यांत आमचे काही अधिकारीही होते. हलके घ्या.

फ्रायबुर्गचा_गोट्या
जर्मनीतून लिहितोय. परदेशाचं आत्ता डोक्यात घेऊ नका, पण नोंद करून ठेवा.

ओल्डनबर्ग विद्यापीठात नवीकरणीय ऊर्जेचं पदव्युत्तर शिक्षण १९८७पासून चालू आहे. फ्रायबुर्गला मी शिकलो, शेजारीच फ्राउनहोफरची सौर संशोधन संस्था असल्याने अर्धवेळ काम मिळालं. वाऱ्यात रस असेल तर डेन्मार्कचं डीटीयू, तिथे पवनऊर्जेचं स्वतंत्र मास्टर्स आहे. नेदरलँड्सचं डेल्फ्टही उत्तम.

"जर्मनीत शिक्षण फुकट" हे अर्धसत्य आहे. बहुतेक राज्यांत सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नसते, पण फ्रायबुर्ग ज्या राज्यात आहे तिथे युरोपबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. व्हिसासाठी खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो अडकवून दाखवायचे (२०२४च्या सप्टेंबरपासूनचा आकडा). आणि भारतीयांना २०२२च्या नोव्हेंबरपासून एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागदपत्रांची पडताळणी) लागतं. डाड या जर्मन संस्थेच्या एका शिष्यवृत्तीला किमान दोन वर्षांचा कामाचा अनुभव मागतात, त्यामुळे पदवी झाल्या झाल्या पळत सुटण्यापेक्षा दोन वर्षं साइटवर माती खाऊन आलेला माणूस फायद्यात राहतो. आमच्या वर्गात सगळ्यात भाव खाऊन जायचा तो केनियाहून आलेला मिनीग्रिडवाला (गावापुरतं छोटं वीजजाळं). प्रोफेसर त्याला विचारायचे, बॅटरी खरंच किती वर्षं टिकते?

मास्टर्सला येणाऱ्यांत इलेक्ट्रिकल, मेकॅनिकल, भौतिकशास्त्र, सगळेच होते.

जुनी_पाटी
अवांतर: बी.एस्सी. फिजिक्सवाल्यांना काही आहे का हो?

थर्मोचा_मार
@जुनी_पाटी, भरपूर. सेलचं संशोधन हे मुळात पदार्थविज्ञानच आहे. एम.एस्सी. करून पीएच.डी.ची वाट धरा. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो, इथे ताईंचं राहून जाईल.

कोयनाकाठची
सगळ्यांचे मनापासून आभार. एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. ह्यांनाही वाचून दाखवले. चिपाडाचं ऐकून ते खूश झाले, त्यांचे वडील कारखान्यात होते.

शनिवारी आम्ही पैसे भरले नाहीत, पण त्या विद्यापीठात मात्र गेलो. मेगरवालीताईंनी सांगितल्याप्रमाणे लेकीने अभ्यासक्रम मागितला. मिळाला नाही, "ॲडमिशननंतर देतो" म्हणाले. मग प्रयोगशाळा दाखवा म्हटलं. एका खोलीत लाकडी स्टँडवर एक पॅनेल, त्याच्यासमोर हॅलोजनचे दिवे, आणि सगळ्यावर प्लॅस्टिकचं कव्हर. लेकीने विचारलं, हे चालू करून दाखवता का? तर किल्ली ज्यांच्याकडे असते ते सर रजेवर. पॅनेलच्या मागच्या वायरी पीळ घालून चिकटपट्टीने गुंडाळलेल्या होत्या. मामाच्या शेतातल्या पोरांनी याहून नीट काम केलं होतं, असं ती तिथेच मोठ्याने बोलली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे मात्र परतीच्या वाटेवर उंब्रजपर्यंत एकटेच हसत होते.

सेतूवाल्या दादांचं ऐकून दाखल्याला अर्ज टाकलाय. इलेक्ट्रिकल वर आणि कृषी अभियांत्रिकीचा वेगळा फॉर्म, असं ठरतंय. कॉम्प्युटर फॉर्मच्या तिसऱ्या पानावर आहे. तिथवर ह्यांचं समाधान.

नॅसेल
धागा उशिरा दिसला. पवनचक्क्यांवर टेक्निशियन आहे, साताऱ्याच्याच पट्ट्यात. डिप्लोमा मेकॅनिकल.

वाऱ्याचं कोणी नीट सांगितलं नाही म्हणून थोडं. आपल्याकडे वाऱ्याचा हंगाम म्हणजे पावसाळा. जून ते सप्टेंबर वर्षाची मुख्य कमाई. म्हणजे जेव्हा सगळे घरात भजी खातात तेव्हा आमचं मशिन बंद पडून चालत नाही. धुकं एवढं की बुंध्याशी उभं राहून पातं दिसत नाही, नुसता आवाज येतो. शिडी चढून वर नॅसेलमध्ये, म्हणजे पात्यांमागच्या डब्यात गेलं की गिअरबॉक्स, जनरेटर, ब्रेक, हायड्रॉलिक सगळं एका टेम्पोएवढ्या जागेत. उंचीवर काम करायचं रीतसर प्रशिक्षण लागतं, त्याचं जीडब्ल्यूओ नावाचं प्रमाणपत्र असतं, ते असलं की परदेशी कंपन्याही विचारतात. पठारावरची जुनी, छोटी मशिनं काढून त्या जागी मोठी बसवायचं धोरण आलंय. त्यात मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, सिव्हिल सगळ्यांना काम आहे. एका मोठ्या पवनचक्कीचा पायाच बघा, सिव्हिलवाल्याची परीक्षा असते.

कोयनाकाठची
आईच्या आयडीवरून मी लिहितेय. मीच ती हट्टाला पेटलेली.

सगळ्यांना थँक्यू. @नॅसेल दादा, मला एकदा पवनचक्की आतून बघायचीय. वर चढू देणार नाहीत हे माहितीय, पण खालचं दार उघडून कंट्रोल पॅनेल तरी दाखवता येईल का? आणि गच्चीवरून मोजताना डावीकडून चौथी कायम बंद का असते?

नॅसेल
परवानगी विचारून सांगतो, आईंना व्यक्तिगत निरोप करतो. बाबांना घेऊन या. जाड बूट घाला, डबा आणा, वर चहाचीही टपरी नाही. टोपी नको, उडून थेट कोयनेत जाते.

चौथीचा गिअरबॉक्स गेलाय. सुटा भाग मिळत नाही, मशिन जुनं आहे. तुमच्या गच्चीवरून ती दिसते हे माहीत नव्हतं.